आग्रापिना वन्संची चार प्यादी

झेदुबानी, २ डिसेंबर १९७३

आग्रापिना वन्सं यांस माक्वालाचा नमस्कार.

वारलामच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाची उसनी भांडी आज सगळ्यांची परत केली. अंगणातला तंबू उतरवला. आता तुमच्याशी बोलायला मोकळी झाले.

परवा फाटकाशी तुम्ही जे म्हणालात ते चार माणसांसमोर म्हणालात, म्हणून उत्तर पत्रानं देते. "माक्वाला, वर्ष झालं, आता पुरे. घर बाबांचं आहे, त्यात माझाही शब्द आहे. विकून टाकू. तू पोती बंदरावर माझ्याकडे ये. आणि निघायच्या आधी ते झाड तोडून टाक." बायकांनी माना डोलावल्या. तुम्ही बसमध्ये चढलात आणि गावानं ठरवून टाकलं की मी चालले.

वन्सं, मी येणार नाही.

तुमचा भाऊ द्राक्षं काढताना त्या झाडावरून पडला. फांदी मोडली, त्यात झाडाचा दोष नाही. वारलामनी द्राक्षाची वेल स्वतः त्या खुरमाच्या, नारिंगी फळांच्या झाडावर चढवली होती. त्यांची कबर इथे आहे, चहाचे मळे इथे आहेत, माझ्या हाताला येणारं काम इथे आहे. आम्हाला मूलबाळ नाही म्हणून माझं घरच नाही, असं होत नाही.

तुमचा शब्द मी मोडत नाही. पण तुमच्या माहेरची एक रीत आहे. मामंजी पोलिकार्पे म्हणायचे, या घरात भांडण झालं तर आवाज चढवायचा नाही, बुद्धिबळाचा पट मांडायचा. गाय कोणाकडे जायची, पडवी कोणी बांधायची, सगळं तुम्ही भावंडांनी पटावर ठरवलंत. हेही तसंच ठरवू. टपालानं खेळू. तुम्ही जिंकलात तर मी सामान बांधते. मी जिंकले तर या घरात राहते, आणि विषय संपला.

माक्वाला

पोती, १४ डिसेंबर १९७३

माक्वाला,

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण भिंतीवर थापा मारायला लागली. तू? माझ्याशी? अगं, तुला मी पट आणून देताना पाहिलंय, पटाशी बसलेली कधी पाहिली नाही. वारलाम खेळायचा आणि तू मक्याची भाकरी आणून ठेवायचीस. वारलामला मी किती वेळा हरवलं ते त्याच्या कबरीला विचार.

पण बाबांची रीत काढलीस, आता नाही कशी म्हणू? ठरलं. पुढच्या द्राक्षतोडणीच्या आत डाव संपायला हवा. पांढरी माझी. मोठी मी आहे, आणि आमच्या घरात मोठ्याचीच पांढरी. पत्रात लिहिलं ते खेळलं. मागे घेणं नाही, "चुकून लिहिलं" नाही.

माझ्या जुंबेरलाही सांगितलं. तो म्हणाला, मामीला कोपऱ्यातली खोली देऊ. घर भरलेलं आहे, सूनबाई आहे, पोरं आहेत, पण तुझी एक खाट मावेल. समुद्राची हवा मिळेल. तिथे एकटी बसून त्या झाडाकडे काय बघत बसायचं?

वजिरापुढचं प्यादं, दोन घरं.

ता. क. आईच्या खोलीतली शेगडी अजून धूर करते का?

आग्रापिना

झेदुबानी, २७ डिसेंबर १९७३

वन्संना नमस्कार.

राजाकडचा घोडा बाहेर काढला.

तुम्ही मला पटाशी बसलेली पाहिलं नाहीत हे खरं. पट माझ्या हुंड्यातला. माझ्या आईनं नवी चादर, तांब्याची कढई आणि तो पट बरोबर दिला होता, इथल्या प्रत्येक लेकीला देतात तसा. लग्नानंतर तो वारलामचा झाला. मला कधी वाईट वाटलं नाही. ते खेळायचे तेव्हा मी लोकर विंचरत ऐकत असायची.

मग हे वर्ष आलं. सुतकाच्या घरात पट उघडायचा नाही, गाणं नाही, आरशावर कापड. मी सगळं पाळलं. पट फडक्यात बांधून कपाटावर ठेवला होता, तुम्हीच गाठ मारलीत. पण वाचू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. वारलामकडे बुद्धिबळाच्या मासिकांचा ढीग होता. मी चार इयत्ता शिकलेली. रशियन अक्षरं आधी बोट ठेवून लावली, मग बोटाशिवाय. चाली डोक्यात मांडायच्या. सुरुवातीला पाचव्या चालीला सगळं विस्कटायचं. हिवाळा संपेपर्यंत शेवटापर्यंत जायला लागले. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी गाठ सोडली आणि सोंगट्यांना पहिल्यांदा हात लावला. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या हलक्या निघाल्या.

त्यात एक बचाव सापडला. त्याला जुना हिंदुस्थानी म्हणतात, का ते मासिकात दिलेलं नाही. वारलामना तो आवडायचा नाही. काळी आली की ते सगळी दारं लावून बसायचे, आणि तुम्ही एकेक दार फोडत यायचात.

मी काय करणार ते तुम्हाला दिसेलच.

शेगडी धूर करते. आईंच्या खोलीत मी कांदे ठेवते.

माक्वाला

पोती, १९ फेब्रुवारी १९७४

माक्वाला,

मधल्या कार्डांवर नुसत्या चाली लिहून कंटाळा आला, म्हणून आज पत्र.

पट बघतेयस ना? माझी चार प्यादी एका ओळीत उभी आहेत, मधोमध, खांद्याला खांदा लावून. लग्नातल्या पाहुण्यांसारखी. आणि तुझं काय? एक उंट कोपऱ्यात दडवलास, एक प्यादं एक घर पुढे, दुसरं प्यादं एक घर पुढे. मग राजाही कोपऱ्यात नेऊन किल्लेकोट केलास. अगं, तू खेळतेयस की पाहुणे आले म्हणून घर आवरतेयस? अख्खं अंगण मला देऊन टाकलंस!

वारलाम निदान फाटकाशी उभा राहून मार खायचा.

राजाकडचा घोडा काढला, प्याद्यांच्या मागे.

पोतीत पाऊस थांबत नाही. जुंबेर बंदरावर कामात बुडालाय, घरी येतो तो झोपायलाच. त्या बिचाऱ्याला पत्र लिहायला वेळ कुठला! पोरं मोठी झाली. तू आलीस की त्यांना तुझ्या हातची घेवड्याची उसळ मिळेल. सूनबाई आक्रोड घालत नाही.

सामान बांधायला आतापासून सुरुवात कर, शेवटी घाई नको.

आग्रापिना

झेदुबानी, १० मार्च १९७४

वन्संना नमस्कार.

अंगण दिलं हे खरं. ठरवून दिलं.

मासिकात एका म्हाताऱ्या खेळाडूनं लिहिलंय की पांढऱ्यानं सगळं मैदान घेतलं की आधी त्याला आनंद होतो, मग ते राखावं लागतं. चार प्यादी पुढे गेली की ती मागे येत नाहीत. त्यांच्यामागे घरं मोकळी पडतात. काळ्यानं तोवर राजा सुरक्षित ठेवायचा, उंटाची लांब तिरकी वाट मोकळी ठेवायची आणि मग कडेनं ढकलायचं. वाचताना वाटलं, हे मला कळतंय. दिवसभर पडून राहणं कळतं, आणि मग उठणंही.

आता ढकलते. वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं, तुमच्या मधल्या प्याद्याला अंगावर घेऊन.

बर्फ वितळला तशी मी कबरीवर जाऊन आले. कुंपणाचा एक खांब वाकला होता, तो सरळ करून दगड ठोकले. थोडी वाइन ओतली. वारलामना तुमच्या चार प्याद्यांबद्दल सांगितलं. ते असते तर म्हणाले असते, "माक्वाला, देऊ नकोस गं, दार लाव." मी त्यांना सांगितलं की या वेळी नाही.

चहातोडणीच्या टोळीत माझं नाव यंदाही लावलंय. मुकादम बिदझीनानं विचारलं, "माक्वाला, तू पोतीला चाललीस म्हणे?" मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं? माझ्या नणंदेनं? मग तिच्याच टोपलीत पानं मोजून घे."

सामान बांधलेलं नाही.

माक्वाला

पोती, २३ मे १९७४

माक्वाला,

लांब जीभ झालीय तुझी. आवडली मला. पण पटावर जिभेचा उपयोग नाही.

मधे मारामारी झाली, तू एक प्यादं मारलंस, मी परत मारलं. आता बघ. माझं राजापुढचं प्यादं एक घर पुढे, थेट तुझ्या घोड्याच्या तोंडाशी. आता कुठे पळशील? घे ते प्यादं, मी दुसऱ्यानं घेते, आणि तुझा घोडा उघड्यावर.

मी वीस वर्षांची असताना वारलामला असंच चेपायची. तो घामाघूम व्हायचा. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आग्रापिना, भावाला थोडं जिंकू दे, जेवणार नाही तो!" मी कधी दिलं नाही. आमच्या घरात डाव द्यायचा नाही, ही बाबांची सक्त ताकीद. दिलेला डाव म्हणजे थुंकलेला घास, असं ते म्हणायचे.

विहिरीचा रहाट बदललास का? पूर्वी कुरकुर करायचा. मागच्या खोलीतून डोंगर दिसतो का अजून, की पलीकडच्यांनी माडी बांधली?

झाडाचं काय केलंस? तोडलंस की नाही?

आग्रापिना

झेदुबानी, १५ जून १९७४

वन्संना नमस्कार.

झाड तोडलेलं नाही, तोडणारही नाही.

तुमचं प्यादं मी मारलं, तुम्ही परत मारलंत, ठीक. माझा घोडा पळाला नाही, पुढे गेला. तुमच्या बाजूला, तुमच्या राजाच्या अंगणात येऊन बसलाय. नीट बघा.

आता एक सरळ विचारते, राग मानू नका. तुम्ही प्रत्येक पत्रात घराची चौकशी करता. शेगडी, रहाट, माडी, डोंगर. माणूस विकायच्या वस्तूची अशी चौकशी करतो. जुंबेरला मोटार घ्यायची आहे, असं मागे कुणीतरी म्हणालं होतं. तो मागत असेल तर स्पष्ट सांगा, माझ्या एकटेपणाची काळजी मधे आणू नका. वारलामच्या जाण्याआड दुसरं काहीतरी लपवलेलं मला सहन होत नाही.

जुंबेरला, सूनबाईला आणि पोरांना माझा नमस्कार सांगा. माझा त्यांच्यावर राग नाही.

माक्वाला

पोती, २ जुलै १९७४

माक्वाला,

घर हवं असतं तर मला तुझ्याशी टपालानं खेळायची गरज नव्हती. वकील पोतीतही मिळतात.

असं तू लिहू शकतेस हे मला माहीत नव्हतं.

उंट बाहेर काढला, तुझ्या वजिरावर.

आग्रापिना

झेदुबानी, २० जुलै १९७४

वन्संना नमस्कार.

तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. पण तुम्ही "नाही" असंही म्हटलं नाहीत.

वजीर कडेला हलवला. आता तो तिरका तुमच्या बाजूला बघतोय. माझंच एक प्यादं त्याच्या वाटेत उभं आहे, ते मला दिसतंय, तुम्हालाही दिसत असेल.

चहाची दुसरी तोडणी चालू आहे. हातांना हिरवा वास चिकटून राहतो, साबणानंही जात नाही. घरी आले की पट मांडलेला असतो. मी त्याच्यासमोर जेवते. एक सवय मोडत नाही: कोणतीही चाल ठरवली की आधी वारलाम काय म्हणाले असते ते ऐकते. मग बहुतेक वेळा त्याच्या उलट करते. ते हसले असते असं वाटतं.

गावातला शाल्वा कारखान्याचा ट्रक घेऊन पुढच्या महिन्यात पोतीला येणार आहे, चहाच्या पेट्या घेऊन. त्याच्याबरोबर चीज आणि मध पाठवते, पोरांसाठी.

माक्वाला

पोती, १६ ऑगस्ट १९७४

माक्वाला,

शाल्वाला कशाला त्रास देतेस? पोरांना इथे सगळं मिळतं. पाठवू नकोस.

मी किल्लेकोट केला. राजा सुरक्षित. आता तुझ्या त्या आगाऊ घोड्याकडे बघते.

हे टपाल फार हळू चालतं, आणि द्राक्षतोडणी जवळ आली. वेळ वाचवायला आगाऊ उत्तर देऊन ठेवते. तू तुझं ते वाटेतलं प्यादं सरकवून मागच्या वजिरानं शह देशील, एवढं मलाही दिसतं. दे खुशाल. माझा राजा कोपऱ्यात जाईल. हे लिहिलं म्हणजे खेळलं, माझ्या कार्डाची वाट बघू नकोस, लगेच पुढची चाल कर. त्यानंतर तुझ्याकडे काय उरतं ते बघू.

पांढऱ्या चादरी आण येताना. माझ्या सगळ्या विरल्या.

आग्रापिना

झेदुबानी, ८ सप्टेंबर १९७४

वन्सं,

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. आधी पट.

प्यादं सरकवलं, वजिराचा शह. तुमच्या आगाऊ उत्तराप्रमाणे तुमचा राजा कोपऱ्यात गेला. आता माझा घोडा उडी मारून तुमच्या राजाजवळ येतो आणि शह देतो, आणि त्याच उडीत तुमच्या वजिरावरही बसतो. राजा हलवलात तर वजीर जातो. म्हणून हत्तीनं घोडा मारावाच लागेल. मग माझा वजीर तुमचा हत्ती घेईल. घोड्याच्या बदल्यात हत्ती.

वन्सं, मी पत्र परत परत वाचलं. शहाला उत्तर म्हणून तुम्ही घोडा मधे घालू शकत होतात. राजा कोपऱ्यात नेलात म्हणून हे झालं. हे तुम्हाला दिसलं नाही, असं मला पटत नाही. तुम्ही वारलामला बसल्या जागी चेपत होतात.

आता दुसरी गोष्ट. शाल्वा येऊन गेला ना तुमच्याकडे? तुम्ही नको म्हटलंत ते पत्र पोचायच्या आधीच तो निघाला होता. काल तो माझ्या ओट्यावर बसला आणि टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, "माक्वाला काकू, चीज दिलं मी. पण तिथे कोणी नाही गं. म्हातारी एकटी आहे. टेबलावर एक ताटली, एक पेला आणि पट. जुंबेर बायकापोरांना घेऊन उत्तरेकडच्या बंदरावर गेला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. तो मामाच्या मातीलाही आला नव्हता, आठवतं का?"

मला आठवतं. मी त्या दिवसांत कोण आलं नि कोण नाही ते बघत नव्हते.

म्हणजे कोपऱ्यातली खोली, पोरं, सूनबाई, आक्रोड न घालता केलेली उसळ, हे सगळं तुम्ही लिहीत बसलात. आणि मी जुंबेरच्या मोटारीवरून तुम्हाला बोलले. त्या पत्राची मला लाज वाटते.

पण मग हेही सांगा. ते आगाऊ उत्तर तुम्ही मुद्दाम लिहिलंत का? माझ्यावर दया येऊन? तसं असेल तर मला तो डाव नको. मी या घरात राहीन तर जिंकून राहीन. तुम्ही म्हणाल तर ते उत्तर मी वाचलंच नाही असं धरते. दुसरी चाल पाठवा, मी खेळते, हरले तर सामान बांधते.

माक्वाला

पोती, २९ सप्टेंबर १९७४

माक्वाला,

तुला दया करायला मी काय संत आहे?

नाही दिसलं मला. बस. माझी चार प्यादी एवढी सुंदर उभी होती की मी त्यांच्याकडेच बघत राहिले. त्यांच्यामागे माझ्याच राजाजवळचं घर मोकळं पडलंय हे बघितलं नाही. घाईनं आगाऊ उत्तर लिहिलं, कारण डाव लवकर संपावा असं वाटत होतं. तू येशील, मग संपेल, असं. तुझं कार्ड आलं तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि शिवी घातली. पलीकडच्या शेजारणीनंही ऐकली.

लिहिलं ते खेळलं. दुसरी चाल पाठवत नाही. हत्तीनं घोडा मारला, पुढे खेळू.

जुंबेरचं खरं आहे. तिकडे पगार चांगला आहे, थंडी भयंकर. सुरुवातीला पत्र यायचं. वारलामच्या वेळी त्याला तार केली होती. बोट समुद्रात होती म्हणे. मी गावात कुणाला सांगितलं नाही. तुझ्या फाटकाशी उभी राहून "माझ्याकडे ये" म्हणाले तेव्हा मला वाटलं, ही विधवा आहे, हिला मी सांभाळतेय, असं दिसेल. असं दिसायला बरं वाटत होतं.

चीज चांगलं होतं. खारट होतं थोडं.

आग्रापिना

पोती, २६ ऑक्टोबर १९७४

माक्वाला,

मधल्या कार्डांत तू माझं राजापुढचं प्यादं खाल्लंस, काल उंटही गेला. अजून कार्डं पाठवता येतील, पण माझ्या बाबांनी हरलेला डाव लांबवायलाही शिकवलं नव्हतं.

राजा आडवा केला.

घर तुझं. कुणी विचारलं तर सांग की आग्रापिना हरली आणि तिनं शब्द पाळला. काळ्या सोंगट्यांनी तू मला हरवलंस. वारलामला हे तीस वर्षांत जमलं नाही. तो असता तर तुला खांद्यावर घेऊन गावभर फिरला असता, आणि मला महिनाभर तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

द्राक्षतोडणीला येत नाही. ते झाड मला बघवत नाही. या वर्षी कुणाला तरी वर चढव, पैसे लागले तर मी पाठवते. तू चढू नकोस. ऐकतेस का?

आग्रापिना

झेदुबानी, १२ नोव्हेंबर १९७४

आग्रापिना वन्सं यांस माक्वालाचा नमस्कार.

मी चढले.

कुणाला सांगू? वारलाम गेल्यापासून त्या झाडावर चढायला कुणी तयार नाही. बिदझीना म्हणाला, "माक्वाला, वेल कापून खाली ओढू, एका वर्षाची द्राक्षं गेली तर गेली." गेल्या वर्षी पाखरांनी खाल्ली. यंदा मी सकाळी शिडी लावली, काळा घागरा कमरेला खोचला, निमुळती टोपली दोरीनं पाठीला बांधली. आधी प्रत्येक फांदीवर काठी ठोकून बघितली. जी पोकळ वाजली तिच्यावर पाय दिला नाही. दुसरी दोरी स्वतःभोवती बांधून खोडाला अडकवली. वारलाम ती कधी बांधायचे नाहीत, ते म्हणायचे माझं झाड मला पाडणार नाही.

खाली अर्धं गाव जमलं. "माक्वाला, उतर! वेड लागलंय का?" शाल्वाची आई रडायला लागली. मी वरून म्हटलं, "रडायचं असेल तर पलीकडे जाऊन रड, टोपली खाली येतेय, डोक्यात बसेल." मग त्या हसल्या, मग कुणीतरी टोपली रिकामी करायला पुढे आलं. दुपारपर्यंत झाड मोकळं झालं.

वर एक जागा आहे, जिथे दोन फांद्या फुटतात. तिथे वारलाम बसायचे. साल घासून गुळगुळीत झालीय. मी तिथे बसले. तिथून तुमचा डोंगर दिसतो, वन्सं, पलीकडच्यांच्या माडीच्या वरूनही दिसतो. दोन वर्षं मी खाली उभी राहून वर बघत होते, म्हणून भीती वाटायची. वर बसल्यावर भीती वाटली नाही. रडले. घाई नव्हती, तोडायची द्राक्षं संपली होती. मग उतरले.

द्राक्षं तुडवली, मोठ्या रांजणात रस भरला, झाकण लावून मातीनं लिंपलं. वसंतात उघडायचा.

आता डावाबद्दल. पटावर आपण एवढंच ठरवलं होतं की मी कुठे राहायचं. तुम्ही कुठे राहायचं याचा डाव झालेला नाही. त्यासाठी मी पट मांडणार नाही, कारण तुम्ही जिंकाल अशी मला भीती आहे. म्हणून सरळ विचारते. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, नुसतं सांगितलंत. मी विचारते.

वन्सं, तुम्ही इथे माझ्याकडे राहायला याल का?

घर तुमच्या बाबांचं आहे. मला सोबत हवी आहे म्हणून विचारते. दया म्हणून नाही. तुम्हाला ती जमत नाही, मलाही नाही. आईंच्या खोलीतले कांदे मी काल काढले. शेगडीचं धुराडं उद्या साफ करते.

शाल्वा पुढच्या शनिवारी, तेवीस तारखेला, पोतीला येतोय. परत येताना ट्रक रिकामा असेल. तुमच्या दाराशी थांबेल. यायचं नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा, मी काही बोलणार नाही. पण येणार असाल तर सगळं घेऊन या, दोन दिवसांचं सामान नको.

माक्वाला

पोती, १८ नोव्हेंबर १९७४

माक्वाला,

तुला चढू नकोस म्हणाले होते. पत्र वाचताना पुन्हा शिवी घातली. शाल्वाच्या आईचं बरोबर होतं.

मी येऊन काय करणार? पानं तोडायला माझी पाठ चालत नाही. सकाळी लवकर उठते आणि बडबडते, तुला झोपू देणार नाही. कांद्याचा वास खोलीतून महिनाभर जात नाही, मला ठाऊक आहे. आणि तुझ्या उसळीत मीठ जास्त असतं, हे वारलाम तुला तीस वर्षं सांगू शकला नाही, मी पहिल्याच दिवशी सांगेन.

शाल्वाला सांग, शनिवारी नको. घर रिकामं करायला आणि किल्ली शेजारणीकडे द्यायला मला एक दिवस लागेल. रविवारी ये म्हणावं, आणि दोर आणायला सांग. कपाट मोठं आहे.

आग्रापिना